आतून खरखरीत

प्रिय उमेंद्र,

तुझे व्हॉट्सॲपवरचे तिन्ही निरोप ऐकले. इंजिनाचा आवाजही ऐकला. मोकळ्या रस्त्यावर गाडी छान पळते आणि चढावर वेग पडला की गचके देऊन बंद होते, हे तू वेगळं सांगायची गरज नव्हती. मला पहिल्या दहा सेकंदांतच कळलं. शेवटच्या निरोपात तर तू चिडलायस, "ताई, काऊन नाही सांगून राहिली?" म्हणून. पुण्यात वीस वर्षं काढलीस, पण गरज पडली की आपली बोली बरोबर आठवते तुला.

तुझ्या त्या जुन्या अँबेसेडरचा व्हिडिओ माझ्या लेकीने, प्रेरणाने मला दाखवला. इनटेक मॅनिफोल्ड हातात धरून तू लोकांना समजावतोस, की कार्बोरेटरमधली हवा आणि पेट्रोल याच नळ्यांतून सिलिंडरपर्यंत जातं. इथवर ठीक. पुढे म्हणतोस, या नळ्या आतून घासायचं काम मी चौदाव्या वर्षी बाबांच्या मुर्री गावातल्या गॅरेजमध्ये शिकलो. चौदाव्या वर्षी तू गॅरेजच्या मागे क्रिकेट खेळत होतास, रे! बोटं माझी बारीक, म्हणून बाबा मॅनिफोल्ड माझ्या मांडीवर ठेवायचे. आतला उंचवटा बोटाने शोधायचा आणि तेवढाच घासायचा. नखांतली काळी धूळ शाळेत लपवता लपवता माझे दिवस गेले.

इटियाडोहची ती सहल आठवते? गाडीत आठ माणसं, धरणाजवळचा चढ, आणि बाबांनी तिसऱ्या गिअरमध्येच गाडी वर नेली. पुढे बसलेल्या गुलाबचंदकाकांनी विचारलं, इंजिनाचं काम कोणाचं? बाबा म्हणाले, आमच्या उमेंद्रचं. मी मागच्या सीटवर होते. रात्री त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "पोरीनं केलं म्हटलं तं आपल्याकडं गाडी कोन टाकंल?" त्यांच्यावरचा राग मी त्यांच्या चितेबरोबर जाळून टाकला. तुझ्यावरचा मात्र अजून आहे. कारण तुला खरं माहीत होतं, आणि बाबा गेल्यावर तरी ते बोलायला तुला कोणी अडवत नव्हतं.

आता तुझं उत्तर. तू नळ्या रुंद केल्यास आणि आतून आरशासारख्या चमकवल्यास. व्हिडिओत दिसतात छान. पण रुंद नळीत हवा मंदावते, आणि इंजिन हळू फिरत असेल तर पेट्रोलचे थेंब हवेत टिकत नाहीत. ते गुळगुळीत भिंतीला चिकटून ओघळतात. मग सिलिंडरला कधी कोरडी हवा, कधी पेट्रोलचा घोट. वेगात हवेला जोर असतो, म्हणून तिथे दोष कळत नाही. मी आतली भिंत मुद्दाम खरखरीत ठेवायचे आणि नळी मुळीच रुंद करत नसे. तू तेव्हा विचारलं असतंस, तर सांगितलं असतं.

घासलेलं लोखंड परत येत नाही, त्यामुळे तुला दुसरं मॅनिफोल्ड लागेल. बाबांच्या अँबेसेडरचं माझ्याकडे आहे. गॅरेज विकलंस तेव्हा भंगारातून मी तेवढंच उचललं आणि तू हसला होतास. ते तुझ्या गाडीला जसंच्या तसं बसेल. न्यायचं असेल तर तिरोड्याला घरी ये आणि माझ्या हातून ने.

हे सगळं फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं. आज सांगितलं असतं, तर शेजारचा दुर्गेश उद्या पुण्याला निघतोय, त्याच्या हाती मॅनिफोल्ड पाठवता आलं असतं आणि रविवारी घाटातल्या स्पर्धेत तुझी गाडी सगळ्यांदेखत चढून गेली असती. लोकांनी विचारलं असतं, काम कोणाचं? तू काय सांगितलं असतंस ते मला ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहिलं. आज शुक्रवार. साध्या टपालाने टाकतेय. बुधवारपर्यंत मिळेल.

तुझीच,
वच्छलाताई