हॉलमधले शिंपले

आप्पा, लातूरला माझ्या घरात, टीव्हीच्या शेजारी, शिंपले निघालेत. जिवंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम लिहावंसं वाटलं ते हे, याचाच मला आधी वैताग आलाय.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मधूनच काय सुरू केलंस. हे बँकेतून निवृत्त झाले. काही दिवस पेपर वाचण्यात गेले, मग हैदराबादला एका मित्राच्या घरी यांनी समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी पाहिली आणि वेडच लागलं. साधे मासे नाहीत, समुद्राचे. सोबत पोवळी, म्हणजे दगडाला फुलांसारखी चिकटलेली जिवंत जनावरं. ज्या लातुरात नळाची वाट बघण्यात बायकांची अर्धी हयात गेली, तिथं माझा नवरा मशीनमधून गाळून काढलेल्या पाण्यात मीठ कालवत बसतो. मी विचारलं, हे काय करायलात? तर म्हणाले, "समुद्र." बरं, त्या माशांना खायला गोठवलेली कोळंबी लागते. ती माझ्याच फ्रिजमध्ये, मटाराच्या पिशवीमागं. अव्वा आता लेकीकडं, म्हणजे माझ्याकडंच असते. तिला ते कळलं त्या दिवशी घरात जे झालं ते तुम्ही डोळ्यांपुढं आणू शकाल. गळ्यात लिंग असलेल्या बाईच्या घरात कोळंबी! तिनं वेगळी शेगडी मांडली, स्वतःच्या हातानं दशम्या करून खाल्ल्या, आणि तेव्हापासून हॉलमध्ये बसली तरी टाकीकडं पाठ करून बसायची. कोळंबीला वेगळा छोटा फ्रिज आला तेव्हा कुठं ती आमच्यात जेवायला लागली.

तर मागच्या महिन्यात एक दिवस मी टाकीची काच पुसत होते. छंद यांचा, पुसणं माझं. दगडाच्या एका खाचेत हरभऱ्याएवढं काहीतरी दिसलं. आधी वाटलं खडा असेल. मग तो खडा उघडला. आतून दोन इवल्या नळ्या बाहेर आल्या, मी हात हलवला तशा झटकन आत गेल्या आणि झाकण बंद. नीट बघितलं तर शेजारी दुसरा, पलीकडं आणखी. आम्ही आणले नव्हते, कुणी दिले नव्हते. मी यांना हाक मारली आणि तीच चूक झाली. मला वाटलं, खूश होतील. हे चष्मा लावून आले, बघितलं आणि चिमटा आणायला गेले. "हे मेले तर सडतील, पाणी नासेल, माझी सगळी पोवळी जातील." आणि एकेक शिंपला ओढून वाटीत टाकायला लागले. अव्वा दिवाणावर होती. तिनं मान वळवली.

"काय काढायलाव जावईबापू?"

"काही नाही, शिंपले आहेत."

"जिते हायेत?"

यांनी चिमट्यानं आणखी एक ओढला.

"मग ऱ्हाऊ द्या की तितंच. तुमचं काय खायलेत ते?"

"अव्वा, तुम्हाला टाकी चालत नाही, कोळंबी चालत नाही, आणि आता हे शिंपले चालतात?"

"मारलेलं मला तवाबी चालत नव्हतं, आताबी चालत न्हाई." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुजे आप्पा असते तर सोडून आले असते." आणि शिंपले पाण्यात गेल्याशिवाय जेवणार नाही म्हणून पुन्हा पाठ करून बसली. दोघांच्या मध्ये मी, हातात वाटी घेऊन उभी.

सोडून आले असते! मला माहीत आहे ना, आप्पा. मी होते की तुमच्यासोबत. उदगीरचा बाजाराचा दिवस, आडतीसमोर तुरीच्या गाड्या लागलेल्या. मी तळ्यावरून फ्रॉकच्या ओच्यात शिंपले घेऊन येते आणि तुमच्या गादीवर ओतते. रिकामेच असतात सगळे, पण एक हळूच मिटतो. तुम्ही वाकून बघता. "जिता हाय त्यो," म्हणता आणि उठता. शेतकरी ओरडतो, "शेट, माप अर्ध्यावर हाय!" तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवता आणि निघता. तळ्यावर धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरता. मी म्हणते, फेका की. तेव्हा असे रागावता की मला रडूच येतं. "फेकायचं न्हाई. त्याचं तोंड कुटं हाय ते कळतंय का तुला?" आणि चिखलात बोटानं जागा करून तो शिंपला उभा लावता, रोप लावावं तसा. घरी आल्यावर मी रुसून बसले तर धान्य तपासायचं तुमचं भिंग माझ्या हातात दिलंत. "पुढच्या बारीला काय धरून आणलं ते आधी बगायचं." ते भिंग घेऊन मी मुंग्या बघितल्या, गोगलगाय बघितली, दुकानातले भुंगेरे तर कितीदा बघितले. यातूनच जिवाजंतूंचं वेड डोक्यात बसलं, आप्पा. दुसरं कुणी बसवलं नाही.

आणि मग बारावीनंतरचं ते स्वयंपाकघर. अव्वा भाकरी थापायलीय, तुम्ही पाटावर. मी चौकटीला धरून सांगते की मला नांदेडला जायचंय, प्राणिशास्त्र शिकायला, तिथं मुलींचं वसतिगृह आहे. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता, आमटीत बुडवता. "नांदेड लांब हाय." एवढंच. अव्वाचा हात परातीत थांबला, पुन्हा सुरू झाला. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न.

उदगीरहून नांदेड! तेव्हाही एस.टी. जायचीच की. मला आजही कळत नाही. एका शिंपल्यासाठी तुम्ही भर बाजारात माप सोडून उठलात, आणि माझ्यासाठी पाटावरून मान वर केली नाहीत. तो मुका होता म्हणून का? मी बोलले म्हणून? तुम्हाला दया नव्हती असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. पण ती कुठं सुरू व्हायची आणि कुठं संपायची हे मला कधीच उमगलं नाही, आणि विचारायला तुम्ही राहिला नाहीत.

असो. शिंपले टाकीत परत टाकायला हे तयार नाहीत, अव्वा जेवायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी नांदेडला चुलत नणंदेची वास्तुशांत होती. मी स्टीलच्या डब्यात टाकीतलंच पाणी घेतलं, त्यात शिंपले ठेवले आणि डबा मांडीवर घेऊन एस.टी.त बसले. हे म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटलं, "घरात एकाचंच का फिरावं?" वास्तुशांतीचं जेवण उरकून रिक्षानं त्याच कॉलेजात गेले, जिथं मला शिकायचं होतं; म्हटलं, हे काय आहेत ते विचारावं. प्राणिशास्त्राच्या विभागात काचेच्या बरण्या, औषधाचा वास. एक तरुण प्राध्यापिका होत्या. त्यांनी शिंपले बशीत ठेवले आणि आम्ही दोघी बशीवर वाकून बसलो, ते उघडेपर्यंत. "अगंबाई, लातुरात हे?" त्या हसल्या. म्हणाल्या, समुद्रातून आलेल्या दगडाच्या भोकात अगदी मोहरीएवढे असतील, तुमच्याकडं येऊन वाढले. यांचा कुणाला त्रास नाही. पाणी गाळून त्यातलं बारीक खातात, उलट पाणी निवळच ठेवतात. भीती एवढीच, की टाकी फार स्वच्छ असली तर उपाशी मरतील.

हे मी यांना सांगितलं तेव्हा यांचा चेहरा बघण्यासारखा होता. स्वच्छतेपायी यांनी किती कटकट केली होती! दगडाच्या खाचांत शिंपले परत गेले, मीच लावले. त्यांच्यासाठी बाटलीतलं बारीक हिरवं शेवाळ मागवलं. अव्वानं वास घेऊन बघितला आणि ती बाटली मोठ्या फ्रिजमध्ये ठेवायला परवानगी दिली. दोन-तीन शिंपले मेले, बाकीचे आहेत. पाहुणे आले की हे आता जणू स्वतःच आणल्यासारखे दाखवतात, आणि मी पोहे करत ते ऐकते. अव्वानं खुर्ची टाकीकडं फिरवून घेतलीय.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. अव्वाला वाचून दाखवावं असं एकदा वाटलं, पण तीही ऐकून घेईल आणि म्हणेल, झालं गेलं. एक मात्र घरी कुणाला सांगितलेलं नाही, ते तुम्हाला सांगते. त्या नळ्या बघताना मी सहज म्हणाले होते, "एकीतून पाणी आत जातं आणि दुसरीतून बाहेर येतं ना?" त्या प्राध्यापिकेनं मान वर केली. "ताई, तुम्ही झूलॉजीच्या का? कुठल्या कॉलेजच्या?"

"इथलीच," मी म्हणाले.

"हो का? कुठली बॅच?"

"लई जुनी."

मला जराही लाज वाटली नाही, आप्पा. परतीच्या गाडीत, डबा मांडीवर धरून, लातूर येईपर्यंत मी ते 'इथलीच' मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते.