क्लबची गाडी

माझ्या लाडक्या आईला लिथुआनियाहून लामोंटचा नमस्कार.

जेवणखाण ठीक आहे. डॅडींनी माझी कॉलेजची जर्सी अजून भिंतीवर टांगून ठेवलीय ना?

काल आमच्या बास्केटबॉल क्लबचा मॅनेजर रिमास म्हणाला, "क्लबची गाडी घेऊन विमानतळावर जा, पाहुणा येतोय." पाहुणा निघाला ओहायोचा पोरगा, माझ्यासारखाच कॉलेज गाजवून आलेला, माझ्यासारखाच गार्डच्या जागी खेळणारा.

वाटेत त्याने विचारलं, "भाऊ, मी कुणाच्या जागी आलोय?"

"आहे एक. गुडघा गेलाय त्याचा."

"म्हातारा असेल," तो हसला.

क्लबपाशी रिमासने हात पुढे केला. "गाडीची किल्ली आता दे, क्लबच्या घराची उद्या." गाडीची त्याने लगेच त्या पोराला दिली.

तू गुडघ्याचं विचारलं होतंस. बराच बरा आहे गं. बर्फातून घरापर्यंत चालत आलो.

तुझाच,
लामोंट