दोन उलटे वायदे

१४ जून
झालं! आजपासून डॉलरच्या भावावर सौदे करायची माझी खाती दोन. पहिलं गेल्या वर्षीचं, दिव्यानीसाठी. लेक ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेला निघणार, फी डॉलरमध्ये. डॉलर महागला की फी वाढते, पण तेव्हाच या खात्यात फायदा होतो. भरपाई! इतकं सरळ. तरी आज चंद्रपूरला जाऊन दुसऱ्या कंपनीत दुसरं उघडलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा, म्हणून.
दोन्हीकडचा एजंट मिथुनच. “ताई, यात काय करता?”
“उलटं! डॉलर उतरला की फायदा, चढला की तोटा.”
तो डोकं खाजवत राहिला.

१९ जून
डॉलर चढला. पहिलं खातं हसतंय, दुसरं रडतंय.
प्रफुल फॅक्टरीतून आला, मोबाइलात डोकावला. “एका पायात चप्पल, एका पायात बूट घालून कुठी निघाली वो?” नवरा माझा भारी खुशीत असतो हल्ली. लेकीच्या जाण्याचं कौतुक कॉलनीभर सांगून झालं, आता भद्रावतीचा बाजार धरलाय.

२ जुलै
डॉलर उतरला. आता पहिलं रडतंय. मी मात्र निवांत — का कोण जाणे!

८ जुलै
जवसाच्या चटणीचा डबा बॅगेत चौथ्यांदा घातला. दिव्यानीने चौथ्यांदा काढला. “आई, तिथी वजन करतात!” करू देत. पाचव्यांदा घालीन.

१३ जुलै
सासूबाईंनी पकडलं! मी फोनवर मिथुनला मोठ्याने ‘वायदा, वायदा’ करत होते.
“काऊन वो नूतन, कोनाले वायदा देऊन राह्यली?”
सांगितलं — बाजारातल्या सौद्याला वायदा म्हणतात. दोन्ही खाती समजावली. पण त्यांच्या लेखी वायदा म्हणजे शब्द. दिला की दिला.
“मंग एकाले सांगतेस डॉलर चढन, दुसऱ्याले सांगतेस उतरन. एकाशी त खोटंच बोलली ना! पोरीले जाऊ द्याचं हाये का नाई, थे आधी ठरव.”
मी खो खो हसले. पोटात दुखेपर्यंत. मग स्वयंपाकघरात आले आणि हसू पळालं.
गणित शिकवते मी! अधिक आणि उणे मिळून शून्य, हे पोरांकडून घोकून घेते. आणि घरी? एका खात्याने लेकीची वाट केली, दुसऱ्याने तीच बुजवली.
मला ती जायला नको आहे. लिहिलं एकदाचं! एकुलती आहे, तिच्यावाचून घर खायला उठेल. पण माझ्यामुळे ती राहिली, तर ते तिच्या जाण्याहून वाईट.

१४ जुलै
दुसरं खातं बंद केलं. येताना गरम जिलेबी आणली. सासूबाईंना पहिली.

१६ जुलै
मिथुनचा फोन. “ताई, तुमचं पाहून भाऊनं बी त्याइचं बंद केलं.”
“कोणत्या भाऊनं?”
“आपल्या प्रफुलभाऊनं! वर्ष झालं ना त्याइच्या खात्याले. तुमच्या दुसऱ्यासारखंच, उलटं.”
प्रफुल अंगणात दिव्यानीच्या बॅगेची चाकं फिरवून पाहत होता. मी जाऊन शेजारी बसले.