बाईंचा फोन आला होता

चिमणे,

तुझा फोन घरीच राहिला होता. कॉलेजच्या समुपदेशक बाईंचा कॉल आला, मी उचलला. उद्याची भेट दुपारऐवजी सकाळी ठेवलीय. "काय होतंय तिला?" मी विचारलं. "ते तीच सांगेल," म्हणाल्या.

बाई चांगल्याच असतील, पण माझ्या पोटात दुखलं. मी विचारलं की "काही नाही बाबा" म्हणून दार लावून घेतेस आणि त्यांच्यापाशी तासभर बोलतेस.

असो. मी सलून उघडायला जातोय. जेवण झाकून ठेवलंय, थोडं तरी खा. उद्या सलून बंद ठेवून तुझ्यासोबत येतो. आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. काही विचारणारही नाही. फक्त बाईंना सांगून थोडं उरलं, तर मलाही सांग.

– बाबा