शिवदाससाठी पन्नास मिनिटं

३ जुलै १९८८
दोन मिनिटं! देवळाकडून धावायला लागले ती वळणापर्यंतसुद्धा पोचले नाही. छाती फुटते की काय असं झालं. वजन एकोणऐंशी, प्रेशर वाढलेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं — तुमचं मूत्रपिंड भावाला जुळतंय, पण अशा बाईला मी चाकू लावणार नाही. दहा किलो उतरा, मग या. शिवदास बाकावर बसून ऐकत होता. माझा धाकटा भाऊ. चौतीस वर्षांचा, नि पाय इतके सुजलेले की चप्पल चढत नाही. ऑपरेशनला सव्वीस सप्टेंबरची तारीख दिलीय.

५ जुलै
स्टाफरूममध्ये आज परत मराठी-कोंकणीचा वाद. गोव्याचं राज्य होऊन वर्ष झालं तरी संपत नाही. त्यातून उठून कवायतीच्या रामचंद्र सरांना बाहेर गाठलं. म्हणाले, "बाई, धावताना बोलता आलं पाहिजे. दम लागला तर चाला, परत धावा." एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. ह्यांचे कॅनव्हासचे बूट घालते, पुढे कापूस कोंबून.

११ जुलै
फेरीबोटीच्या धक्क्यावर गावातला सगुण भेटला. "वैनी, फेरी चुकली?" रोज तेच विचारतो मेला. सासूबाई म्हणतात, "मास्तरीण रस्त्यार धांवता. लोक हांसतात गो." हसू देत.

२४ जुलै
पाऊस. गेले नाही. खरं तर पावसाचं निमित्तच. लाज वाटते.

७ ऑगस्ट
न थांबता पंधरा मिनिटं! घरी येऊन सांगितलं तर हे पेपरातून वर बघेनात. मग म्हणाले, "तुला काय झालं तर स्नेहाचं कोण करणार?" मी वाईट आई आहे का? पण आई गेली तेव्हा शिवदास दोन वर्षांचा नि मी अकरा. कडेवर वाढवलाय त्याला मी.

२१ ऑगस्ट
भावजयीचं, शेवंतीचं पत्र. दर शनिवारी येतं. नवऱ्याला घेऊन मुंबईत एका खोलीत राहतेय बिचारी. आठवड्यातून दोनदा त्याला रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर घालतात. खाली शिवदासच्या दोन ओळी, अक्षर वाकडंतिकडं — "बाय, माझ्यासाठी एवढी पळू नकोस. पण पळ."
चार वेळा वाचलं.

४ सप्टेंबर
तीस मिनिटं. वजन बहात्तर. आता चाळीस, मग पन्नास. भीती वाटते. सर म्हणतात, पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू. आज चढावर पोटरी आखडली, तिथेच बसून रडले. कोणी बघितलं नाही.

१२ सप्टेंबर
गणपतीची चवथ तोंडावर. खोबऱ्याच्या नेवऱ्या तळून हात भरून आलेत. परवा हे ऑफिसातून लवकर आले, सरळ आत सासूबाईंकडे गेले. आज सकाळी मात्र आपणहून — "तू जा धावायला. गणपतीवरची माटोळी, फळं-पानं, सगळं मी बांधतो." सासूबाईंनी गरम दूध हातात दिलं, माझ्याकडे न बघता. मला भरूनच आलं. शेवटी पटलं तर ह्यांना! शेवंतीचं पत्र मात्र आलं नाही. सणाच्या गर्दीत टपाल अडकलं असणार.

१६ सप्टेंबर
पन्नास मिनिटं! मये गावच्या रस्त्यानं, न थांबता. वजन एकोणसत्तर. आरोग्य केंद्रात प्रेशर मोजलं, नर्स म्हणाली एकदम ठीक. आरतीला उभी होते नि हसत होते. ह्यांना म्हटलं, मुंबईच्या बसची तिकिटं काढा. "बरं," म्हणाले.

२० सप्टेंबर
गणपती पोचवला. मग ह्यांनी तार दाखवली. शिवदास नऊ तारखेलाच गेला.
कानावर पडेपर्यंत सूतक लागत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांनी अकरा दिवस माझे कान जपले. देवाचा नैवेद्य माझ्या हातचा झाला.
त्या दिवसांत मी चारदा धावले. हेच म्हणायचे, तू जा.