पेन्सिलचा ठिपका

उंब्रज, रविवार संध्याकाळ

माझ्या पाळलेल्या गेको पालीच्या दोन्ही अंड्यांवर बुरशी. कापसानं पुसायला गेलो, तर वरच्या बाजूला केलेला पेन्सिलचा ठिपका खाली! हे अंडं उलटलं की आतलं पिल्लू गुदमरतं, म्हणून तर ठिपका.

आईला विचारलं. "मीच रोज फिरवती की. कोंबडी फिरवती न्हवं?"

पाल दिसली तरी किंचाळणारी माझी आई. तिला सांगू कसं?

टॉर्च लावून पाहिलं. जिवंत पिल्लाच्या लाल शिरा नाहीत, नुसता पिवळा उजेड.

जेवताना तिनं विचारलं, "पिल्लं कवा निघायची रं?"

"निघतील."

हात धुऊन ती अंड्यांच्या डब्याकडे गेली. मी ताटातच बघत बसलो. ठिपका आता पुन्हा वर आला असेल.