दांडा तुमच्या घरचा

निंबखोरी, तेरजवळ
भाऊबीज, ३ नोव्हेंबर १९४८

प्रिय जैनू,

सलाम, आणि दिवाळीचा नमस्कार.

तुझं पत्र आलं त्यानंतर दसरा गेला, आता दिवाळीही सरली, आणि मी उत्तर दिलं नाही. माफ कर. टपाल बंद होतं असं सांगता आलं असतं, आणि काही दिवस ते खरंच बंद होतं. पण सुरू झाल्यावरही मी लिहिलं नाही. रोजनिशीत मात्र रोज शेवटच्या ओळीला ‘उद्या : जैनूला पत्र’ असं लिहीत होतो. तू हसशील. धाराशिवला शाळेत असताना म्हणायचास, “बल्या, तुझ्या वहीत उद्याच लई. आज कुठंच दिसंना.”

इकडं सगळे खुशाल. ज्वारी चांगली आहे. दगडाबाई दिवाळीला माहेरी आली आहे. हिंदची फौज येऊन निजामी गेली तेव्हापासून बंद असलेली तेरची शाळा उघडली, पण माझ्या वर्गात निम्मी पोरं. पुढं मराठीतून शिकवायचं म्हणतात. तू आणि मी भूगोल-गणित सगळं उर्दूत शिकलो. आता ‘भागाकार’ म्हणताना माझीच जीभ अडखळते आणि पोरं एकमेकांकडं बघतात.

चाचीचा गुडघा दुखतो, बाकी तुझी आई बरी आहे. रोज पहाटे तुमच्या दारापासून आमच्या दारापर्यंत बोळ झाडते. सप्टेंबरात, फौज आल्यावर तुम्ही जिवाच्या भीतीनं सोलापूरला गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशीही झाडला होता. त्या दिवशी बोळात कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. चाची झाडत झाडत येई, माणूस आडवा आला की म्हणे, “पाय उचला, बाबा.” माणूस पाय उचली. आणि पाय उचलल्यावर ‘काय चाची, बरं हाय का’ एवढं तरी म्हणावंच लागे. असं करत बोळ बोलता झाला. हे मला तेव्हा कळलं नाही, आत्ता लिहिताना कळतंय.

तू लिहिलंस, ‘आईला मुरुमच्या बसप्पासोबत सोलापूरला पाठव. घराचं तू बघ.’ बाकी काही नाही. मी ते चाचीला वाचून दाखवलं. ती धार काढत होती. म्हणाली, “त्याला लिही, शेळी आत्ताच व्यायली हाय. तिला रेलगाडीत कोण बसू देईल?” मी म्हणालो, चाची, शेळी आम्ही सांभाळू. तर म्हणाली, “आणि शेळीला करमायचं कसं?”

मी पुन्हा विचारलं नाही. तिचं मन नाही म्हणून, की ती गेली तर तुमच्या दाराला कायमचं कुलूप लागेल याची मला भीती म्हणून, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. दोन्ही खरं आहे. दुसरं जरा जास्त खरं आहे.

कालपासून मला सारखा आपण वाघ झालो होतो तो मोहरम आठवतोय. तुझ्या वडिलांनी, मकबूलचाचानं, आपल्याला अंगभर पिवळं रंगवलं होतं, काजळाचे पट्टे ओढले होते. तू खरा वाघ दिसत होतास आणि मी, तुझ्याच शब्दांत, ‘हळद लागलेली मांजर’. दोघांच्या मनगटात हिरवा धागा. बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि त्यांच्या पांढऱ्या पटक्याला माझा पिवळा रंग लागला. आईनं तो पटका किती धुतला, डाग गेला नाही. बाबा तोच बांधून बाजारला जात. कुणी विचारलं तर म्हणत, “वाघ बसला होता.” चोंग्यांचा तो गुळाचा वास अजून नाकात आहे. पहाटे अलाव्याची, त्या मोहरमच्या आगीच्या खड्ड्याची, राख न्यायला बायका यायच्या, आणि आपण दोघं राखेत हात घालून कोमट निखारा शोधायचो.

आणि कुदळ. तुझ्या पोरांना तू हे सांगितलंस का? माझ्या पुतण्यांना कुणीच सांगितलेलं नाही, म्हणून विचारतो.

आपल्या आजोबांच्या काळात एका मोहरमला अलाव्यावर पहिली कुदळ कुणी मारायची यावरून भांडण लागलं. दोन्ही घरांचा दावा, दोन्हीकडून काठ्या निघाल्या. तेव्हा माझ्या आजीनं आणि तुझ्या दादीनं चावडीपुढं जाऊन ती कुदळ उचलली. दगडावर आपटून दांडा मोकळा केला. लोखंड आजीनं घरी नेलं, दांडा दादीनं. भाषण नाही, पंचायत नाही. पुरुष दोन दिवस फुरफुरत बसले. अलावा तर खोदायचा होता. शेवटी एकानं लोखंड आणलं, दुसऱ्यानं दांडा, आणि बसवताना एकानं धरावंच लागलं, दुसऱ्यानं ठोकावंच लागलं. ठोकणारा चुकला तर धरणाऱ्याचा हात फुटणार. तेव्हापासून लोखंड आमच्याकडं, दांडा तुमच्याकडं. चांद दिसल्यापासून पाचव्या दिवशी दोन्ही एकत्र.

कॉलेजात असताना ‘पुढारी कसा असावा’ या विषयावर मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं. त्या भाषणात या दोघींचा उल्लेख नव्हता. मला तेव्हा पुढाऱ्याला चौथरा लागतो असं वाटायचं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

औंदा अलावा नको असं चावडीत ठरलं आहे. आणि तसं पहिल्यांदा म्हणाला तो आपला उत्तरू. माझा सख्खा भाऊ. म्हणाला, “औंदा अलावा न्हाय. ज्येला खेळायचा त्येनं सोलापुरात खेळावा.” काही जण हसले. मी तिथंच बसलो होतो. उठून काय बोलायचं ते मनात जुळवत राहिलो, आणि जुळेपर्यंत लोक घरी गेले होते.

तुला त्याचा राग येईल, म्हणून त्याचीही बाजू सांगतो. मागच्या हिवाळ्यात ढोकीच्या बाजारातून येताना त्या बाहेरगावच्या बंदूकवाल्या रझाकारांनी त्याला मारलं, तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पटका बायकोला बांधून द्यावा लागतो. तू लातूरहून आल्यावर भेटायला आलास आणि तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला, ते तुला लागलं हे मला माहीत आहे. त्या महिन्यात त्याच्या खांद्याला रोज हळदीचा लेप चाचीच लावत होती, हेही तुला माहीत आहे. त्यालाही आहे. म्हणूनच तो जास्त चिडतो असं मला वाटतं. लोखंड त्यानं त्याच्या बाजेखाली सरकवून ठेवलंय. मी रोज बघत होतो, आणि काढ म्हणत नव्हतो.

आज संध्याकाळी काय झालं ते ऐक.

तुमच्या लिंबामुळं तुमच्या घरून चांद दिसत नाही, म्हणून चाची दर वर्षी आमच्या माळवदावर येते. यंदा बीज आणि मोहरमचा चांद एकच पडला. काल ढगात काही दिसलं नव्हतं. दगडाबाईनं उत्तरूला आणि मला ओवाळलं. तिसरा पाट तुझा, तो रिकामाच. ती ताट घेऊन माळवदावर गेली. भाऊ दूर असला की बायका चंद्राला ओवाळतात, तशी. तेवढ्यात चाची जिना चढून आली, गुडघा धरत. कोर दिसली. एकीनं ताट फिरवलं, दुसरीनं हात पसरून दुवा मागितली. दोघींचं एकदमच आटपलं. चाचीनं विचारलं, “कुणाला ओवाळलंस गं?”

“तुमच्या पळपुट्याला.”

“माझंबी तेच चाललं होतं,” चाची म्हणाली.

मग ती खाली आली. उत्तरू ओट्यावर करंजी खात होता. चाचीनं पदराखालून दांडा काढला आणि त्याच्यापुढं आडवा ठेवला. तोच, बाभळीचा, मकबूलचाचानं तेल पाजून काळा केलेला.

“हे काय?” उत्तरू.

“दांडा.”

“ते दिसतंय की. औंदा अलावा न्हाय, चाची. चावडीत ठरलंय.”

“मी कुठं म्हणते खोदा? मागाया न्हाय आले, ठिवाया आले. माझ्या घरात आता गडीमाणूस न्हाय. दांडा कोण उचलंल? दोन्ही तुमच्यातच ऱ्हाऊ द्या. खोदायचं तर खोदा, न्हाय तर चुलीत घाला. बाभूळ हाय, चांगली जळंल.”

जैनू, मला वाटलं होतं उत्तरू खूश होईल. तर त्यानं अर्धी करंजी खाली ठेवली. दांड्याकडं बघत राहिला, बोटसुद्धा लावलं नाही.

“असं कसं? दांडा तुमच्याकडंच असतोय.”

“असायचा.”

“उचला तो. म्हणं चुलीत घाला. आमी काय...” वाक्य अर्धं टाकून खांदा चोळत बसला. मग एकदम ओरडला, “ज्येचा त्येनं आणायचा असतोय! जैन्याला हात न्हाईत व्हय?”

दगडाबाई जिन्यावरूनच म्हणाली, “हात हैत. तू येऊ देशील का त्येला?”

“येऊ दे की! मी काय काठी घिऊन वेशीत हुबा हाय?” आणि मग कुरकुरत, “आन् येऊनबी कुदळ मारणार कुठं? अलाव्यात कमरंएवढं गवत माजलंय. जागा तर दिसू द्या आधी.”

चाचीनं दांडा उचलला, पदरानं पुसला. “मग ऱ्हाऊ दे माझ्याकडंच,” म्हणाली, जशी काही छत्री विसरली होती. जाता जाता वळून, “दगडे, एक करंजी दे गं. खोबऱ्याची हाय नव्हं?”

तिनं हे मुद्दाम, डाव म्हणून केलं का, याचा मी तेव्हापासून विचार करतोय. नाही. ती खरंच ठेवायला आली होती. मी तिचा हात दांड्यावरून निघताना बघितला आहे. तो लवकर निघाला नाही. आपला अर्धा भाग तिनं सोडून दिला, आणि उत्तरूला तो घेववला नाही. सगळंच आपल्या हातात आलं की काय वाटतं ते त्याला तिथं कळलं असावं. माझ्या मनात जुळवलेल्या भाषणात यातलं काहीच नव्हतं.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. चाचीला मी आज पाठवत नाही. तूच ये, असं लिहितो.

हे लिहिताना मी थांबलो होतो. मला तू सुखरूप हवा आहेस, की मला माझा पिवळा पटका, चोंगे आणि कोमट राख परत हवी आहे? नीट सांगता येत नाही, आणि म्हणून तुला आग्रह करायचा हक्क मला किती, हेही कळत नाही. गाव सगळं निवळलं आहे असं मी म्हणणार नाही. चावडीत हसलेले लोक इथंच आहेत. पण उत्तरूचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत, त्यातला माझा एकही नाही. ते आमंत्रण आहे की टोमणा, ते तू ठरव. त्याला तू माझ्याइतकाच ओळखतोस. तू येशील त्या गाडीला मी ढोकीच्या स्टेशनावर असेन आणि तुझ्याबरोबर वेशीतून चालत आत येईन. उत्तरूलाही चल म्हणेन. तो येईल की नाही, माहीत नाही. नाहीच आलास तर मनात अढी धरणार नाही. मोहरम झाल्यावर चाचीची मी समजूत घालेन आणि स्वतः सोलापूरला आणून सोडेन. शेळीसकट.

पत्र बसप्पाच्या हाती देतोय, तो परवा तुझ्याकडं पोचेल. पाचवा दिवस त्यापुढं आहे.

एक राहिलं. उत्तरू गवताचं म्हणाला ते खरं आहे. यंदा त्या जागेला कुणी हात लावला नाही. चावडीपुढून जाताना सगळे दुसरीकडं बघतात. मीही शाळेला जाताना रोज लिंबाकडं बघत जातो. तिथं खुरपं घेऊन बसलेला माणूस अख्ख्या गावाला दिसतो, आणि तो कुणाच्या बाजूचा हेही गाव लगेच ठरवतं. मास्तराला ते ऐकून घेणं जमेल का, ही शंका आहे. पण गवत काढायला दांडा लागत नाही आणि बाजेखालचं लोखंडही लागत नाही, म्हणजे कुणाची वाट बघायचं निमित्तही मला उरलेलं नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. दगडाबाईनं तुझ्या वाटची करंजी फडक्यात बांधून दिली आहे. बसप्पानं वाटेत खाल्ली नाही तर मिळेल.

तुझीच हळद लागलेली मांजर,
बल्या

उद्या : शाळेच्या आधी, चांगलं उजाडल्यावर, अलाव्यावरचं गवत काढणे.